विकत घेतलेले दोष

दुकानांत जाऊन नवी वस्तु घेणें आणि लिलांवांत जुनी वस्तु घेणें, या दोन व्यवहारांत केवळ किंमतीचा भेद नाहीं. पहिल्या व्यवहारांत विकणारा मनुष्य वस्तूविषयीं बोलतो, कित्येकदां नको इतकें बोलतो. दुसऱ्यांत तो बोलत नाहीं, आणि त्याचें हें न बोलणें कराराचें एक कलमच असतें. इंग्लंडांत जुन्या मोटारगाड्यांचे लिलांव वर्षभर चालूं असतात. तेथील विक्रीच्या अटींचा मथितार्थ एवढाच कीं, दिसते तशी गाडी आहे, हवी असेल तर घ्या. हातोडा पडेपर्यंत बोली बोलणारास आपला शब्द मागें घेतां येतो. हें तत्त्व तेथील न्यायालयानें १७८९ सालींच सांगून ठेविलें आहे. पण हातोडा एकदां पडला, कीं गाडी घेणाराची झाली आणि तिच्या पोटांतील यच्चयावत् रोगहि त्याचेच झाले.

दोघांनीं जाणूनबुजून असा मौनाचा करार केला असतां, दोष ठाऊक असूनहि गप्प बसणारा विक्रेता नीतिदृष्ट्या अपराधी ठरतो काय, हा प्रश्न मला येथें विचारावयाचा आहे. त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यानें ती गाडी घेतली, तिचे दोष एकेक करून शोधले, ज्याचे कांहीं दोष दुरुस्त झाले व कांहीं तसेच राहिले, तो उद्यां तीच गाडी पुन्हां त्याच हातोड्याखालीं उभी करूं लागला, तर त्यानें काय करावें? आपणांस कोणी सांगितलें नव्हतें म्हणून आपणहि सांगूं नये, ही परंपरा त्यानें पुढें चालवावी काय?

उदाहरणासाठीं मी मुद्दामच ‘स्पोर्ट्स कार’ या जातीची गाडी घेतों. शेतकरी बैल घ्यावयास बाजारांत जातो तेव्हां त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. कारण त्या बैलावर त्याचें पोट अवलंबून असतें. दोन माणसांची, बिनछपराची, बुटकी गाडी घेणाराचें पोट तिच्यावर अवलंबून नसतें. बहुधा तरुणपणीं, खिशांत पैसा नसतांना, ती रस्त्यानें सुसाट जातांना त्यानें पाहिलेली असते आणि तेव्हांपासून ती त्याच्या मनांत उभी असते. गरजेनें घेणारा मनुष्य चिकित्सक होतो, हौसेनें घेणारा आंधळा होतो. म्हणून विक्रेत्याच्या मौनाची धार हौशी ग्राहकालाच अधिक लागते.

‘एम्.जी.बी.’ ही अशा गाड्यांतील बहुधा सर्वांत परिचित गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती, आणि एकंदर पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचें १७९८ घनसेंटिमीटरचें इंजिन दणकट आहे, आणि त्याचे दोष बोलके असतात. तें झिजलें कीं धूर सोडतें, खडखडतें, तेलाचा दाब दाखविणारा कांटा खालीं येतो. परंतु या गाडीचा खरा रोग इंजिनांत नसून तिच्या अंगांत असतो, आणि तो मुका असतो. तिला निराळी चासी नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. डोक्यावर छप्पर नसल्यामुळें सारें बळ तळाच्या पत्र्यांत आणि दोन्ही दारांखालून चाकापासून चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पेट्यांत सांठविलेलें असतें. या पेटीला इंग्रज कारागीर जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘उंबरा’ असाच होतो. मीहि तोच वापरतों. पुढच्या चाकानें उडविलेला चिखल मडगार्डच्या आंत सांचतो, हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं त्या देशाच्या रस्त्यांवर टाकलेलें मीठ त्यांत मिसळतें, ओल महिनोन्‌महिने टिकते, आणि उंबरा आंतून बाहेर कुजत येतो. वरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तोंवर आंत बरेंच कांहीं संपलेलें असतें.

यावर खरा उपाय एकच. मडगार्डचा खालचा भाग कापावयाचा, उंबऱ्याचे सर्व थर चांगला पत्रा लागेपर्यंत काढून टाकावयाचे, आणि नवे थर एकामागून एक वेल्डिंगनें जोडावयाचे. त्यांतहि कापण्यापूर्वीं गाडीला खालून टेकू आणि दाराच्या जागीं आडवे धिरे द्यावे लागतात. नाहीं तर तिचें अंग मध्येंच वांकतें, आणि सारें काम संपल्यावर दार बसत नाहीं असें आढळून येतें. हें काम आठवड्यांचें आहे. दुसरा उपाय त्या मानानें झटपट होणारा. कुजलेल्या उंबऱ्यावर नव्या पत्र्याचें पांघरूण घालून कडेनें वेल्डिंग करावयाचें. किंवा तेंहि न करतां भोंकांत लांबी भरून, घासून, वर रंग आणि खालीं डांबरासारखा काळा लेप द्यावयाचा. वरवर पाहणाराला तिन्ही गाड्या सारख्याच. लोहचुंबक पत्र्याला चिकटतो, जाड लांबीवरून गळून पडतो. गाडी जॅकवर उचलली असतां दाराची फट मिटूं लागली, तर उंबऱ्यांत जीव उरला नाहीं असें समजावें. पण लिलांवाच्या मंडपांत जॅक लावूं देतो कोण? तेथें बहुधा गाडी चालवूनहि पाहतां येत नाहीं.

लांबी भरलेला उंबरा हें नुसतें निकृष्ट काम नव्हे. तें एक विधान आहे. भोंक तसेंच राहूं दिलें असतें तर पाहणाराला तें दिसलें असतें. तें बुजवून, गुळगुळीत करून, रंगवून ठेवणारानें ‘येथें पत्रा आहे’ असें म्हटलेलें आहे. फक्त तोंडानें न म्हणतां हातानें म्हटलें आहे. ‘मी कांहीं बोललोंच नाहीं’ हा त्याचा बचाव म्हणूनच टिकत नाहीं. मौनाचा करार हा न बोलण्याचा करार आहे, खोटें बोलण्याचा नव्हे. लिलांवाच्या यादींतील कांहीं वाक्यांचीहि हीच जात असते. ‘उंबरे नवे बसविले आहेत’ हें वाक्य जुन्यावर पांघरूण घातलेल्या गाडीविषयीं लिहिलें असतां अक्षरशः असत्य नसतें. अश्वत्थामा मेला हें धर्मराजाचें वाक्य तरी अक्षरशः असत्य कोठें होतें? पण त्या वाक्यानंतर त्याचा रथ जमिनीला टेकला, असें व्यासांनीं सांगितलें आहे.

कायद्यालाहि हा भेद कळतो. इंग्लंडांतील ग्राहकांच्या हक्कांचा २०१५ चा कायदा बराच उदार आहे. तरी ज्या जाहीर लिलांवास लोकांना स्वतः हजर राहतां येतें, तेथें घेतलेल्या जुन्या मालाला त्यांतील बहुतेक संरक्षण मिळत नाहीं. आपला १९३० चा मालविक्रीचा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला आहे. त्यांतहि मालाच्या गुणाविषयीं विक्रेत्याची गर्भित हमी नसते हा नियम, आणि हमी असते ते अपवाद, असा क्रम आहे. परंतु त्याच कायद्याचें ६४ वें कलम सांगतें कीं, विक्रेत्यानें भाव चढविण्यासाठीं लटकी बोली करविली, तर घेणाराला ती विक्री रद्द करतां येते. म्हणजे कायदा मौन सोसतो, लटकी वाणी सोसत नाहीं. लांबीचा निकाल यानें लागला असें मी धरून चालतों. प्रश्न उरतो तो निव्वळ मौनाचा: ज्यानें कांहीं झांकलें नाहीं, कांहीं रंगविलें नाहीं, पण जें ठाऊक होतें तें सांगितलेंहि नाहीं, त्याचा.

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत बाबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा मतभेद त्यानें मांडला आहे. एक सज्जन मनुष्य आपलें घर विकावयास काढतो. घर रोगट आहे, खोल्यांत सर्प निघतात, लांकूड कुजलें आहे. आणि हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें काय? गुरूचें म्हणणें असें कीं, त्यानें घर घ्या म्हणून कोणावर बळजबरी केलेली नाहीं. घेणाराला स्वतःची बुद्धि आहे. आणि आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगत सुटणें यासारखें हास्यास्पद दुसरें काय असेल? शिष्य म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणें हें अथेन्समध्यें शापाला पात्र मानीत. आणि येथें तर मनुष्याला जाणूनबुजून चुकूं दिलें जात आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूस जातो, पण एक बारकावा राखून. न सांगणें म्हणजे प्रत्येक वेळीं लपविणें नव्हे. जें कळण्यांत दुसऱ्याचें हित आहे तें त्याला कळूं नये असें आपल्या लाभासाठीं इच्छिणें, याचें नांव लपविणें.

या बारकाव्यामुळें प्रश्न जिभेवरून इच्छेवर येतो. ज्याला गाडीच्या पोटांतलें कांहींच ठाऊक नाहीं, अशा विक्रेत्याचें मौन निर्दोष आहे. पण ठाऊक असूं नये म्हणून जो गाडीच्या तळाचा गालिचा कधीं उचलूनच पाहत नाहीं, आणि ‘मला याविषयीं माहिती नाहीं’ असें प्रामाणिकपणें लिहून देतो, त्याचें अज्ञान त्यानें स्वतः जोपासलेलें असतें. अशा अज्ञानाला मी ज्ञानाचाच एक प्रकार समजतों.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं विक्रेत्याच्या अंतःकरणांत न शिरतां निराळी युक्ति योजिली. मनुस्मृतीचा आठवा अध्याय भेसळीचा, निकस, उणा किंवा झांकून ठेविलेला माल विकूं नये असें सांगतो, आणि शिवाय घेणारा व विकणारा या दोघांनाहि पस्तावण्यासाठीं दहा दिवसांची सवड देतो. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. त्यानें मालागणिक परीक्षेची मुदत बांधून दिली: बीं-बियाण्यास दहा दिवस, रत्नांस सात, ओझ्याच्या जनावरास पांच, दुभत्यास तीन, आणि लोखंडास एक. मोटारगाडी लोखंडांत मोडते कीं ओझ्याच्या जनावरांत, यावर आमच्या टीकाकारांनीं दहा पानें सहज खर्चिलीं असतीं! पण त्याच यादींत दास आणि दासी यांच्याहि मुदती आहेत. आणि विक्रेत्यानें दोष सांगितलेच पाहिजेत असा जो हुकूम रोमच्या बाजार-अधिकाऱ्यांनीं काढला, तोहि गुलामांच्या आणि जनावरांच्या विक्रीविषयींच होता. दोष उघड करण्याचें कर्तव्य मनुष्यानें माणसांच्या बाजारांत शिकावें, हें वाचून मन खिन्न होतें.

डायोजिनीसचा पक्ष आज कोणी मांडील तर असा मांडील: लिलांवांतील प्रत्येकाला ठाऊक आहे कीं येथें दोष सांगत नाहींत, प्रत्येकजण मनांत संशय धरूनच बोली करतो, त्या संशयाची वजावट किंमतींत आधींच झालेली असते, मग फसविलें कोणाला? हा युक्तिवाद बळकट आहे, आणि त्याला उपदेशानें उडवून लावणारे नीतिवेत्ते मला आवडत नाहींत. त्याचें उत्तर एका अर्थशास्त्रज्ञानें, तेंहि जुन्या मोटारगाड्यांच्याच उदाहरणावरून, दिलेलें आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा तो छोटा निबंध तीन नियतकालिकांनीं परत केल्यावर १९७० सालीं प्रसिद्ध झाला. २००१ सालीं आणखी दोघांबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, त्याच्या मुळाशीं हाच विचार होता. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हें घेणाराला ओळखतां येत नसल्यामुळें तो दोहोंना मधलाच भाव देतो. मधल्या भावाला वाईट गाडीचा मालक आनंदानें विकतो. चांगलीचा मालक गाडी घरीं घेऊन जातो. उरलेल्या गाड्या सरासरीनें अधिक वाईट म्हणून भाव आणखी उतरतो, आणि आणखी कांहीं चांगल्या गाड्या निघून जातात. म्हणजे संशयाची वजावट जेवढी कुजलेल्या उंबऱ्यावर बसते, तेवढीच ज्यानें आठवडेच्या आठवडे खपून नवा उंबरा घातला त्याच्यावरहि बसते. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मुठीच्या मालकाला सोयीची आहे खरी. पण बाजारांतल्या सगळ्याच मुठी झांकलेल्या असल्या, म्हणजे ज्याच्या मुठींत खरोखरीच सव्वा लाख आहेत त्यालाहि मातीचा भाव येतो. फसविलें कोणाला, असें डायोजिनीस विचारतो. घेणाराला नसेल कदाचित्. पण शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याला लुबाडलें, हें त्याच्या हिशेबांतून सुटलें आहे.

आणखीहि एक पक्ष त्यानें मोजलेला नाहीं, आणि माझ्या मतें निकाल तेथेंच लागतो. मौनाचा करार दोघांचा असतो. रस्ता दोघांचा नसतो. कुजलेल्या उंबऱ्याची गाडी आदळली तर तिचें अंग आंतल्या माणसाला आधार देत नाहीं, दुमडतें. शेजारच्या आसनावर घेणाराची मुलगी बसलेली असेल. ब्रेकची नळी गंजलेली असली तर समोर सायकलवरचा एखादा मुलगा असेल. यांपैकीं कोणीहि मंडपांत हात वर केला नव्हता, आणि कोणाच्याहि किंमतींत वजावट झालेली नाहीं. पूर्वीं निदान वर्षांतून एकदां सरकारमान्य परीक्षक अशी गाडी तपासून पाही. मे २०१८ पासून ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरबदल न केलेल्या मोटारींना त्या वार्षिक तपासणींतून सूट मिळाली आहे. एम्.जी.बी. १९८० सालीं बंद झाली, तेव्हां आज तिची प्रत्येक गाडी या सुटीच्या वयाला पोंचलेली आहे. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर आहेच. पण आंत काय आहे हें पाहणारा सक्तीचा दुसरा डोळा मिटला आहे. ज्या दोषाचा साक्षी जगांत एकच मनुष्य उरला, त्या मनुष्याचें मौन हें पूर्वीचें मौन राहत नाहीं. तें अधिक जड होतें.

येथें कोणी विचारील कीं, विक्रेत्याला एवढें बांधतां, तर घेणाराला मोकळें कां सोडतां? समजा, एखाद्या वृद्ध बाईनें पतीच्या पश्चात् खोपटांत पडलेली गाडी विकावयास काढली, आणि ती मामुली नसून दुर्मिळ आहे हें पाहणाऱ्या एकालाच कळलें. त्यानें बोलावें काय? मी येथें थोडा भेद करतों. त्याचें ज्ञान त्यानें वर्षानुवर्षें पुस्तकें चाळून आणि हात काळे करून मिळविलेलें आहे. त्याला कांहीं मोल असावें हें न्याय्य दिसतें. शिवाय त्याच्या गप्प बसण्यानें कोणाच्या जिवाला धोका होत नाहीं. त्या बाईच्या दारांत जाऊन हळूच सौदा करणारा मला नीच वाटतो, कारण तेथें ती एकटी आणि तो एकटा. पण तीच गाडी तिनें लिलांवांत ठेविली, तर जाणत्यांची आपसांतील चढाओढच तिच्या अज्ञानाचें रक्षण करते. लिलांवाची ही एक बाजू मी मनापासून मानतों. ही चढाओढ मोडण्यासाठीं व्यापारी मंडळी आपसांत ठरवून एकालाच बोली करूं देत आणि मागाहून खाजगी लिलांवांत माल वांटून घेत. त्याला १९२७ सालीं इंग्लंडांत कायद्यानें गुन्हा ठरवावें लागलें. म्हणजे घेणाराच्याहि मौनाला मर्यादा आहे, आणि ती एकट्याच्या मौनापेक्षां कटाच्या मौनाला अधिक लागू आहे.

सांगावयाचें म्हणजे किती सांगावयाचें, हा प्रश्न मात्र मोठा अडचणीचा आहे. डोळ्यांना दिसणारा ओरखडा सांगत बसणें हें डायोजिनीस म्हणतो तसें हास्यास्पदच. केवळ शंका असेल तर शंका म्हणून सांगावी. दुरुस्तीहि सांगावी, कारण तिच्यांतहि पायऱ्या आहेत. १९८८ पासून मूळच्याच साच्यांवरून काढलेलें या गाडीचें संपूर्ण नवें अंग विकत मिळूं लागलें. त्यांत जुनें इंजिन, जुनीं चाकें, जुना क्रमांक बसविला, तर गाडी तीच कीं दुसरी? फळ्या बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाचा हा प्लुटार्ककालीन प्रश्न विद्यार्थ्यांना फार आवडतो आणि त्यांत तास मजेंत जातो. नीतीच्या दृष्टीनें मला त्यांत विशेष स्वारस्य वाटत नाहीं. जहाज तेंच असो वा दुसरें, फळ्या बदलल्या हें सांगितलें कीं नाहीं, एवढेंच मी पाहतों.

राहतां राहिला तो मनुष्य, ज्यानें सर्वस्व खर्चून नव्हे पण बरीचशी शिल्लक घालून गाडी घेतली, पहिल्याच महिन्यांत उंबऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेलेला पाहिला, आणि ज्याच्यापाशीं आतां दुरुस्तीला पैसा नाहीं. खरें सांगितलें तर आपला तोटा कायम होतो, आणि न सांगितलें तर तो दुसऱ्याकडे जातो. एकदां भरलेला दंड पुन्हां कां भरावा, असें तो विचारतो. त्याच्या दुःखाविषयीं मला आदर आहे. पण त्याचा हिशेब अपुरा आहे. ज्या संशयाच्या वजावटीचा आधार डायोजिनीस घेतो, ती वजावट यालाहि मिळालेली होती. निर्दोष गाडीची किंमत त्यानें दिली नव्हती. निर्दोष निघेल ही आशा स्वस्तांत घेतली होती. ती आशा आतां त्याच्यापाशीं नाहीं. जी आपल्यापाशीं नाहीं ती दुसऱ्याला विकावयाची, आणि तीहि आपल्याला नाहीं हें ठाऊक असतांना, याला तो काय म्हणेल?

त्याला वाट अगदींच नाहीं असें नाहीं. लिलांवांच्या याद्यांत ‘जीर्णोद्धारासाठीं’ म्हणून उघडपणें लिहिलेल्या गाड्या असतात, गंज दाखविणाऱ्या छायाचित्रांसकट. आणि त्यांनाहि घेणारे भेटतात, कारण हत्यारें बाळगणारा आणि रविवार मोकळे असणारा मनुष्य ठाऊक असलेल्या रोगाला भीत नाहीं. ज्याला दुरुस्ती परवडली, तो बहुधा एक वही ठेवतो. तींत कापण्यापूर्वींचा कुजलेला उंबरा, आंतला विटकरी चुरा, दारांत लावलेले धिरे, एकेक नवा थर, अशीं छायाचित्रें तारखांसह चिकटविलेलीं असतात आणि मागें पत्र्याच्या व वेल्डिंगच्या पावत्या टांचलेल्या असतात. विक्रीच्या दिवशीं ती वही पुढच्या आसनावर ठेविलेली असते. जाणता ग्राहक गाडीभोंवतीं फिरून रंग पाहण्यापूर्वीं दार उघडतो, वही गुडघ्यांवर घेतो, आणि बराच वेळ पानें उलटीत बसतो.